दोन काळांची कादंबरी आणि मुलुंडचा कॅम्प

विमानतळावरच्या पुस्तकांच्या दुकानात एका साच्याच्या कादंबऱ्या हमखास मिळतात. मुखपृष्ठावर पाठमोरी बाई, हातात जुनी सूटकेस, वर आकाशात लढाऊ विमानं. आत एक प्रकरण आजचं आणि एक प्रकरण महायुद्धातलं. आजच्या प्रकरणात लंडन नाहीतर न्यूयॉर्कमधली कुणीतरी तिशीची बाई, नुकतंच लग्न मोडलेलं, आई वारलेली. माळ्यावर ट्रंक सापडते. ट्रंकेत पत्रं आणि अनोळखी पुरुषाचा फोटो. पान उलटलं की १९४२. मग परत आज, परत १९४२... आणि शेवटी कळतं की आई फ्रेंच रेझिस्टन्समध्ये होती, किंवा नव्हती, किंवा भलत्याच बाजूला होती.

ऑनसाइटच्या प्रवासात मी अशा निदान पंधरा तरी वाचल्या असतील. आता पहिल्या वीस पानांत मला आराखडा कळतो. आजचा धागा बहुतेक वेळा पातळ असतो. ती बाई कॉफी पिते, ईमेल पाठवते, म्युझियममधल्या देखण्या माणसाला भेटते, आणि आपण कधी एकदा परत युद्धात जातोय याची वाट बघत बसतो. :-)

पण या साच्याला नुसतं हसून सोडून देता येत नाही. आईवडिलांबद्दल आपल्याला जे माहिती असतं, ते आपल्या जन्मानंतरचं असतं. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं ते ज्या आवृत्तीत सांगतील तीच आपण चालवून घेतो. आमच्या भाषेत सांगायचं तर जुन्या लॉग फाइल्स कुणीतरी पुसल्यात आणि सिस्टीम मात्र व्यवस्थित चालतेय. मग बघायला कोण जातंय? काहीतरी अडकतं तेव्हाच आपण मागे जातो. दोन काळांची कादंबरी तेच करते. आज काहीतरी अडकलंय, म्हणून मागे चला.

आणि चांगल्या हातात हा साचा काय करू शकतो त्याची उदाहरणं आपल्याकडेच आहेत. अनिता देसाईंची 'बाउमगार्टनर्स बॉम्बे' (१९८८) घ्या. बर्लिनचा ज्यू ह्यूगो बाउमगार्टनर म्हातारपणी मुंबईत मांजरांच्या गोतावळ्यात राहतो. आजचा काळ जेमतेम दिवसभराचा, आणि मागचा काळ म्हणजे बर्लिनचं बालपण, कलकत्ता, आणि महायुद्धात इंग्रजांनी 'शत्रुराष्ट्राचा नागरिक' म्हणून छावणीत डांबलेली वर्षं. म्हणजे हिटलरपासून पळालेला माणूस इंग्रजांच्या कॅम्पात, का तर पासपोर्ट जर्मन! देसाईंची आई जर्मन होती, युद्धाच्या बरीच आधी लग्न करून हिंदुस्तानात आलेली. तिचं जर्मनी नंतर बेचिराख झालं. ह्यूगोची गोष्ट ही देसाईंच्या आईची गोष्ट नाही, पण घरात जर्मन बोलणारी आई असल्याशिवाय ती लिहिता आली असती असं मला वाटत नाही.

दुसरं उदाहरण अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस'चं (२०००). ही तीन पिढ्यांची कादंबरी. शेवटाकडे आजची एक बाई जुन्या फोटोंच्या मागावर जाते. पण मला त्यातलं सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते लेखकाचं मागचं टिपण. घोष यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात बारा फ्रंटियर फोर्स रेजिमेंटमध्ये अधिकारी होते, १९४५ च्या ब्रह्मदेशाच्या मोहिमेत लढले. म्हणजे समोर आझाद हिंद सेना आणि हे इंग्रजांच्या बाजूला, 'एकनिष्ठ' हिंदी अधिकारी. १९९८ मध्ये वडील वारले, हस्तलिखिताचं एक पानही त्यांनी पाहिलं नाही. आपलं पुस्तक वडिलांच्या अनुभवात किती खोल रुजलंय ते घोष यांना वडील गेल्यावरच उमगलं.

मराठीत काय आहे? महायुद्ध म्हटलं की मला पटकन विश्राम बेडेकरांचं 'रणांगण'च आठवतं. ते १९३९ चं, म्हणजे युद्ध पेटलं त्याच वर्षीचं. युरोपातून पळालेल्या ज्यू निर्वासितांनी भरलेली बोट आणि त्यावरचा आपला मराठी नायक. जबरदस्त पुस्तक आहे. पण त्यानंतर? आपण मराठी माणसं असं धरून चालतो की ते युद्ध युरोपचं आणि जपानचं होतं, आपल्याकडे त्या काळात बेचाळीसची चळवळ आणि रेशनिंग झालं, बाकी काही नाही.

हे काही खरं नाही. आपण रोज ज्या स्टेशनांवरून लोकल पकडतो तिथेच बघा. सांताक्रूझचा विमानतळ महायुद्धात रॉयल एअर फोर्सचा तळ होता. १९४२ मध्ये सोव्हिएत रशियातून सुटलेली पोलिश अनाथ मुलं सगळ्यात आधी वांद्र्यात उतरवली होती, पुढे कोल्हापूरजवळ वळिवड्याला हजारो पोलिशांची अख्खी वसाहत झाली. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' बोट फुटली, शेकडो माणसं मेली. आणि आमचं मुलुंड. मुलुंडला लष्करी कॅम्प होता. फाळणीनंतर इथल्या बरॅकींमध्ये सिंधी निर्वासितांना जागा मिळाली आणि मुलुंड कॉलनी वसली, हे मुलुंडकरांना माहिती असतं. त्याच्या दीड-दोन वर्षं आधी मुलुंडच्या कॅम्पात कुणाला डांबलं होतं, हे मात्र मला सव्वीस वर्षं मुलुंडात राहून माहिती नव्हतं.

ते कळलं बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा. (लंडनच्या बायकांना माळ्यावर ट्रंक मिळते. आपल्याला जे काही मिळतं ते बिल्डरची नोटीस आल्यावर मिळतं.) भाड्याच्या घरात जायचं म्हणून बाबा कागद लावत बसले होते. आमच्याकडे ट्रंक-बिंक काही निघाली नाही. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट ज्या फाइलमध्ये होतं, त्याच फाइलमध्ये, जुन्या रेशनकार्डाच्या आणि एलआयसीच्या पॉलिसीच्या मध्ये, एक पिवळा कागद होता. रॉयल इंडियन नेव्ही. आजोबांचं नाव, हुद्दा टेलिग्राफिस्ट. भरती १९४३. कामावरून कमी केल्याची तारीख मार्च १९४६. कारणाच्या रकान्यात 'सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड'.

बाबा आजोबांना अण्णा म्हणायचे. अण्णा माझ्या जन्माच्या सहा वर्षं आधी, १९९१ मध्ये गेले. घरातली आवृत्ती अशी की अण्णा रत्नागिरीकडून मॅट्रिक होऊन मुंबईत आले आणि परळच्या एका गिरणीच्या ऑफिसात कारकून झाले. बास. नेव्ही हा शब्द त्या आवृत्तीत कुठेच नाही.

बाबांनी कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "हे काय गं?"

आता थोडा इतिहास. कंटाळा करू नका, कारण शाळेच्या पुस्तकात याला जेमतेम दोन ओळी असतात.

युद्ध सुरू झालं तेव्हा रॉयल इंडियन नेव्ही म्हणजे जेमतेम दोन हजारांच्या आसपास माणसं. १९४५ पर्यंत तो आकडा पंचवीस हजारांच्या वर गेला. पूर्वी नौदलात भरती व्हायची ती मुख्यतः दोन ठिकाणांहून, आपल्या कोकणातून, त्यातही रत्नागिरीकडून, आणि पंजाबातून. युद्धात मात्र देशभरातून पोरं घेतली, आणि बिनतारी, रडार, सिग्नल वगैरे शाखांसाठी शिकलेली पोरं घेतली. मॅट्रिक झालेली, इंग्रजी वाचणारी. भरतीच्या वेळी पगार, शिक्षण, युद्धानंतरची नोकरी अशी पुष्कळ आश्वासनं दिली. हातात पडली ती खडे असलेली डाळ, गोऱ्या खलाशांपेक्षा फारच कमी पगार, आणि युद्ध संपल्यावर 'आता घरी जा'.

कुलाब्याला एच. एम. आय. एस. तलवार नावाचा तळ होता. नाव जहाजाचं असलं तरी हे जमिनीवरचं सिग्नल ट्रेनिंगचं केंद्र. तिथला एक टेलिग्राफिस्ट, बलाई चंद दत्त. १ डिसेंबर १९४५ ला नौदल दिनाचा समारंभ होता, पाहुणे येणार होते. सकाळी पाहतात तर भिंतींवर घोषणा रंगवलेल्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सरसेनापती ऑकिनलेक यांची भेट ठरली होती, त्याच्या आदल्या रात्री पुन्हा 'जय हिंद', 'क्विट इंडिया'. या वेळी दत्त पकडले गेले. तळाचा प्रमुख कमांडर किंग हा गोऱ्यांच्या हिशेबानेही तोंडाळ माणूस. त्याने पोरांना आईवरून, जातीवरून अशा शिव्या घातल्या की त्याची लेखी तक्रार झाली. तक्रारीचं काही झालं नाही. १८ फेब्रुवारी १९४६ ला तलवारवरच्या हजारावर पोरांनी जेवण नाकारलं आणि मग काम नाकारलं.

इथून पुढचा भाग माझ्यातल्या इंजिनियरला भारी आवडतो. बंड सुरू झालं कुठे? तर सिग्नलच्या शाळेत! म्हणजे अख्ख्या नौदलाचं नेटवर्क ज्यांच्या बोटांवर चालायचं त्यांनीच संप केला. बातमी पसरवायला पत्रकं छापायची गरज नव्हती. एका जहाजाचा टेलिग्राफिस्ट दुसऱ्या जहाजाच्या टेलिग्राफिस्टशी बोलतच होता, ते त्याचं कामच होतं. दोन दिवसांत मुंबई बंदरातली जहाजं, कॅसल बॅरॅक्स (म्हणजे आजचं आय. एन. एस. आंग्रे), मग कराची, मद्रास, कलकत्ता, विशाखापट्टणम. एकूण ७८ जहाजं, २० तळ आणि सुमारे २० हजार माणसं हा नेहमी दिला जाणारा आकडा. मध्यवर्ती संप समिती निवडली गेली, एम. एस. खान अध्यक्ष आणि मदन सिंग उपाध्यक्ष. एक मुसलमान आणि एक शीख, आणि जहाजांवर काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे एकत्र. दीड वर्षानंतर जे झालं ते माहिती असल्यामुळे हे वाचताना कसंतरीच होतं.

२१ तारखेला कॅसल बॅरॅक्सभोवती गोळीबार झाला. पोरांनीही शस्त्रागार फोडून उत्तर दिलं. नौदलाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल गॉडफ्री रेडिओवर म्हणाले की आम्ही सगळी ताकद वापरू, त्यात नौदल नष्ट झालं तरी चालेल. (जाता जाता: हे गॉडफ्री युद्धात ब्रिटिश नौदलाच्या हेरखात्याचे प्रमुख होते आणि त्यांचा मदतनीस होता इयान फ्लेमिंग. जेम्स बाँडचा 'एम' यांच्यावरूनच बेतलाय असं मानतात. तर तो 'एम' आपल्या रत्नागिरीच्या पोरांना तोफांची धमकी देत होता.) इंग्रजांनी रसद तोडली तेव्हा मुंबईकर फळं, पाव, दूध घेऊन गेटवेवर आले आणि जहाजांवरच्या होड्या येऊन ते घेऊन गेल्या. मुंबईतल्या हवाई दलाच्या छावण्यांमधले हजारेक हिंदी सैनिकही पाठिंब्याला संपावर गेले.

२२ ला मुंबई बंद. गिरण्या बंद, परळ-लालबागला रस्ते अडवलेले, लष्कर रस्त्यावर. दोन दिवसांच्या गोळीबारात सरकारी हिशेबानेच दोनशेच्या वर माणसं मेली, हजारावर जखमी. परळमध्ये कमल दोंदे नावाची कम्युनिस्ट कार्यकर्ती गोळी लागून गेली. गिरणगावातले हे दोनशे लोक आपल्या कुठल्याच यादीत धड बसत नाहीत. ते नौदलात नव्हते, काँग्रेसच्या सत्याग्रहात नव्हते, गोळी मात्र त्यांनी खाल्ली.

आणि मग नेत्यांनी सांगितलं, शरण जा. वल्लभभाई पटेल मुंबईत होते, त्यांनी निरोप पाठवला की शस्त्रं खाली ठेवा, कुणावर सूड उगवला जाऊ नये म्हणून काँग्रेस प्रयत्न करेल. जिनांनीही तेच सांगितलं. अरुणा असफ अली सोडल्या तर मोठ्यांपैकी फारसं कुणी पोरांच्या मागे उभं राहिलं नाही. २३ तारखेला सकाळी सहा वाजता जहाजांवर काळे झेंडे चढले. आम्ही हिंदुस्तानला शरण जातोय, इंग्रजांना नाही, असं समितीने शेवटच्या निवेदनात म्हटलं.

सूड उगवला गेलाच. शेकडो पोरांना उचलून मुलुंडच्या कॅम्पात नेलं. तेव्हा मुलुंड मुंबईत नव्हतं (महापालिकेत ते आलं १९५७ मध्ये), शहराबाहेरची आडबाजूची जागा, पत्रकार आणि मोर्चे यांच्यापासून लांब. ४७६ जणांना नौदलातून काढलं. कोर्टमार्शल झाली. सरकारने सर फजल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला आणि त्याने जेवण, पगार, वागणूक, वंशभेद, राजकारण अशी सगळी कारणं नीट नोंदवली. पण काढलेल्यांपैकी एकालाही स्वातंत्र्यानंतर ना भारताच्या नौदलाने परत घेतलं, ना पाकिस्तानच्या.

पटेलांचं म्हणणं मला समजतं. उद्या ज्यांच्या हातात सत्ता येणार आहे त्यांना बंड करणारं सैन्य नको असतं. पण समजणं वेगळं आणि पटणं वेगळं. शब्द दिला होता, तो पाळायला सत्ता हातात आल्यावर कुणी अडवलं नव्हतं.

आझाद हिंद सेनेच्या लोकांनाही सैन्यात परत घेतलं नाही. पण लाल किल्ल्याच्या खटल्यामुळे (नोव्हेंबर १९४५ पासून) त्यांना निदान नाव मिळालं, त्यांच्यासाठी नेहरूंनी वकिलीचा झगा परत चढवला. नाविकांना धड शब्दही मिळाला नाही. इंग्रज म्हणायचे 'म्युटिनी', पोरं म्हणायची 'स्ट्राइक', आपण नंतर म्हणायला लागलो 'उठाव'. अशा माणसाने घरी जाऊन सांगायचं काय? बायकोच्या माहेरच्यांना? नोकरीच्या मुलाखतीत? 'नौदलात होतो, मग काढलं.' का काढलं? पुढचं वाक्य बोललं की कारकुनीही गेली.

दोन काळांच्या कादंबरीशी माझं भांडण इथे सुरू होतं. त्या कादंबऱ्यांत लपवण्यामागे कायम काहीतरी प्रचंड असतं. प्रेम, विश्वासघात, दुसऱ्याच्याच बापाचं मूल. गुपित जितकं मोठं तितकी शेवटच्या प्रकरणाची किंमत वसूल. अण्णांच्या गप्प राहण्यात तसं काही नाट्य मला दिसत नाही. मला दिसतो एक वीस वर्षांचा मुलगा, ज्याच्या हातातला कागद नोकरी मिळण्याच्या आड येतो. तो कागद तो कुणाला दाखवत नाही. पहिलं वर्ष नोकरीसाठी, मग लग्नासाठी, मग मुलाला शाळेत घालायचंय म्हणून. कधीतरी असा दिवस येतो की आता सांगायला हरकत नसते, पण आता सांगायचं म्हणजे इतकी वर्षं का नाही सांगितलं तेही सांगावं लागतं. त्यापेक्षा डाळ-तांदूळ आणावेत. शिवाय त्यांनी तो कागद फाडला नाही की जाळला नाही, शेअर सर्टिफिकेटच्या फाइलमध्ये जपून ठेवला. लपवला असं तरी कसं म्हणायचं? फाइल केला होता.

गंमत म्हणजे सांगण्याची संधी एकदा चालून आली होती. १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनची केंद्राची योजना आली आणि नौदलाच्या उठावातल्यांनाही तिच्यात जागा मिळाली. १९७१ मध्ये त्याच बलाई चंद दत्त यांचं 'म्युटिनी ऑफ द इनोसंट्स' मुंबईत छापून आलं. दत्त काढून टाकल्यावर मुंबईतच राहिले, फ्री प्रेस जर्नलमध्ये पत्रकार झाले, पुढे जाहिरातीच्या धंद्यात गेले. पुढे नौदलाने एका टगला त्यांचं नाव दिलं आणि एकाला मदन सिंगांचं. (टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढत नेणारी छोटी दणकट बोट. हे कुणी मुद्दाम केलं असेल तर त्याला माझा सलाम.) २०२२ च्या प्रजासत्ताक दिनाला तर नौदलाच्या चित्ररथावर हाच १९४६ चा उठाव होता. अण्णांनी पेन्शनचा अर्ज केल्याचा कागद मात्र त्या फाइलमध्ये नाही, आणि त्या फाइलमध्ये १९६४ चं लाइट बिलसुद्धा आहे.

हे सगळं मी बाबांना दोन-तीन रविवारांत सांगितलं. जालावर राष्ट्रीय अभिलेखागाराचं पोर्टल आहे, तिथे उठावाच्या फाइली चाळल्या, पुस्तकं मागवली. मला वाटलं होतं बाबा खूश होतील. वडील बंडखोर निघाले, कुणाला आवडणार नाही? बाबा गप्पच झाले. मग एका रात्री जेवताना म्हणाले, "मला मर्चंट नेव्हीत जायचं होतं."

हे मला नवीन होतं. १९८२ ची गोष्ट. बारावी झाली होती, मार्क होते, फॉर्म आणला होता. अण्णांनी फॉर्म वाचला आणि नाही म्हणाले. कारण विचारलं तर फक्त "समुद्राची नोकरी नको." मर्चंट नेव्ही म्हणजे नौदल नव्हे, त्यात सरकार नाही, बंदूक नाही, हे बाबांनी समजावून पाहिलं. आजीने मध्ये पडून पाहिलं. अण्णा नाही म्हणजे नाही. बाबांनी बी.कॉम. केलं, बँकेत लागले, आणि चाळीस वर्षं असं समजत राहिले की आपल्या बापाला आपल्यात काही दम वाटला नाही. "त्या कारणाने मी त्यांच्याशी नंतर फार बोललोच नाही," असं ते म्हणाले. बोलणं म्हणजे आपलं पेपर झाला का, डॉक्टरकडे कधी जायचं, इतपत. नऊ वर्षं तशी गेली आणि अण्णा गेले.

"आता कळलं ना बाबा, कारण वेगळं होतं," मी म्हटलं.

"सांगायचं तरी मग," बाबा म्हणाले. आवाजात राग होता, आणि तो इतक्या वर्षांनी ताजा होता. माझी अपेक्षा होती की कारण कळलं की राग जाईल. कादंबऱ्यांमध्ये तसंच होतं, शेवटच्या प्रकरणात मुलगी समुद्रकिनाऱ्यावर रडते आणि मोकळी होते. इथे उलट झालं. आधी राग साधा होता, आता त्यात हेही आलं की तो चुकीच्या कारणासाठी होता आणि ज्यांच्यावर होता ते नाहीत.

मी तेव्हापासून शनिवारी लिहायला बसते. साचा तोच, कारण मला दुसरा येत नाही. एक प्रकरण १९४६, एक प्रकरण १९८२. आजचा काळ मी काढून टाकला. मी ऐरोलीच्या पुलावर कॅबमध्ये बसलेय हे वाचून कुणाचं भलं होणार आहे? खरे दोन काळ ते दोनच आहेत, एकात वीस वर्षांचे अण्णा आणि दुसऱ्यात अठरा वर्षांचे बाबा. गंमत अशी की दुसऱ्या काळाचा साक्षीदार घरातच आहे आणि तो फार कडक संपादक आहे.

तलवारच्या प्रकरणात मी अण्णांच्या तोंडी एक भाषण घातलं होतं. देश, गुलामगिरी वगैरे. बाबांनी वाचून पेन्सिलीने उभी रेघ मारली. "हे माझे वडील बोलणार नाहीत."

"बाबा, वीस वर्षांचे होते ते तेव्हा. तुम्ही त्यांना वीस वर्षांचे कुठे पाहिलंत?"

"नाही पाहिलं. पण हे नाही बोलणार."

मग काय बोलतील? बाबांनी बराच विचार केला. म्हणाले, "डाळीबद्दल बोलतील." आणि मग सांगितलं की घरात डाळ निवडायचं काम अण्णा करायचे. दर रविवारी सकाळी, पेपर पसरून, खडा न् खडा. आजीने निवडलेली डाळ पुन्हा निवडायचे. आजी चिडायची, शेजारी हसायचे, कारकुनाला दुसरा उद्योग नाही म्हणून. फजल अली आयोगासमोर जेवणाच्या तक्रारींचा जो ढीग आला त्यातली डाळ मी बाबांना दाखवली नव्हती. आता दाखवली. त्यांनी ते पान बराच वेळ समोर धरलं आणि काही बोलले नाहीत.

भाषण मी काढलं. त्या जागी जेवणाची रांग आहे, आणि एक पोरगा ताटलीतला खडा काढून बाजूला ठेवतो, मग दुसरा, मग तिसरा. त्यावर बाबांनी रेघ मारलेली नाही.

बाकी बरंच अडलंय. १८ तारखेपासून २३ तारखेपर्यंतचं लिहून झालं. मुलुंडच्या कॅम्पाचं प्रकरण तसंच रिकामं आहे, आणि १९८२ च्या प्रकरणात अण्णांनी फॉर्म वाचून खाली ठेवला तिथे मी थांबलेय. तो फॉर्म त्यांनी किती वेळ वाचला, असं मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, पाचेक मिनिटं तरी. चार पानी फॉर्म होता, त्यांनी मागची पानंसुद्धा वाचली होती.

"आणि मग?"

"मग घडी घालून मला परत दिला. फाडला नाही."

तो फॉर्म बाबांकडे आहे का, हे मी अजून विचारलेलं नाही. भाड्याच्या घरात अकरा खोकी न उघडता पडलीयेत.